तूट कुणाच्या वाट्याला

१९५३ साली सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, रेशनच्या तांदळाचा भाव वाढला. दोन पौंडांचं एक माप २५ सेंटांना मिळायचं, ते ७० सेंटांना झालं. १२ ऑगस्टला हरताळ पुकारला गेला. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर लोकांनी रेल्वेचे रूळ उखडले, रस्त्यांवर झाडं आडवी टाकली. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. सरकार इतकं हबकलं की मंत्रिमंडळाची बैठक कोलंबो बंदरात उभ्या असलेल्या ‘न्यूफाउंडलंड’ या ब्रिटिश युद्धनौकेवर भरली. ऑक्टोबरात पंतप्रधान डडली सेनानायके यांनी राजीनामा दिला.

देश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. वस्ती लहान, पाऊस भरपूर, नद्या बारमाही, लोकांचं मुख्य अन्न भात. आणि त्या भातातला निम्म्याहून जास्त तांदूळ परदेशातून यायचा. चहा, रबर आणि नारळ विकायचे, त्या पैशांतून तांदूळ आणायचा, अशी घडी इंग्रजांच्या काळात बसली होती. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ थांबला आणि बेटावर रेशन आलं. युद्ध संपलं तरी रेशन संपलं नाही. १९५२ च्या डिसेंबरात तर सिलोनने कम्युनिस्ट चीनशी करार केला: वर्षाला ५०,००० टन रबर द्यायचं आणि २ लाख ७० हजार टन तांदूळ घ्यायचा. कोरियात युद्ध चालू होतं, अमेरिका चिडली, तिची मदत बंद झाली. तरी उजव्या विचारांच्या त्या सरकारने करार मोडला नाही. ताटात भात नसेल तर तत्त्वं कुणाला वाढणार?

मी भंडारा जिल्ह्यातला. धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरांत, वाढलो. आमच्याकडे पाऊस लांबला की घरातल्या मोठ्यांचा आवाज बदलतो, हे मला वाचायला येण्याआधी कळत होतं. त्यामुळे कुठल्याही भात खाणाऱ्या देशाबद्दल वाचताना ‘किती पिकलं’ याआधी मला एकच विचारावंसं वाटतं: कमी पडलं तेव्हा ते कुणाला कमी पडलं? श्रीलंकेच्या तांदळाच्या कहाणीला गेली काही वर्षं मी चिकटून बसलोय ते याच प्रश्नापायी. भात पिकवायला तो देश शिकला, आणि फार मेहनतीने शिकला. पण तूट वाटून घ्यायची त्याची स्वतःची एक जुनी रीत होती, ती मात्र शेताच्या पाण्यापलीकडे कधी नेली नाही.

ती रीत समजायला अनुराधपूरच्या बाजूला जावं लागतं. बेटाचा हा उत्तरेकडचा भाग कोरडा. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पडतो, बाकी वर्ष ऊन. तरीही हजार-दीड हजार वर्षं इथे मोठी राज्यं नांदली, ती तलावांच्या जोरावर. तिथे तलावाला ‘वेव’ म्हणतात. तिसऱ्या शतकात महासेनाने मिन्नेरिया बांधला, पाचव्यात धातुसेनाने कलावेव, बाराव्यात पराक्रमबाहूने पोलोन्नरुवाचा समुद्र. त्या तलावाचं नावच ‘पराक्रम समुद्र’ आहे. पावसाचा एक थेंबही माणसाच्या कामी आल्यावाचून सागराला मिळू नये, ही या राजाची आज्ञा तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. कलावेवातून अनुराधपूरला पाणी नेणारा ‘योद एल’ हा कालवा ८७ किलोमीटरांचा आहे. त्याच्या सुरुवातीच्या सुमारे सत्तावीस किलोमीटरांत उतार किती, तर मैलाला सहा इंच. कालव्याच्या काठावर उभं राहिलं तर पाणी वाहतंय की थांबलंय हे कळत नाही. ते वाहत असतं.

पण राजांचे मोठे तलाव हा या व्यवस्थेचा मथळा झाला. मजकूर आहे तो गावोगावच्या छोट्या तलावांत. एका खोलगट पट्ट्यात एकाखाली एक तलाव: वरच्यातून सांडलेलं आणि शेतातून झिरपलेलं पाणी खालच्यात, त्याचं त्याच्या खालच्यात. एकच पाणी चार गावांची शेतं भिजवून पुढे जातं. तलावाच्या वरच्या अंगाला झाडांची रांग, म्हणजे वारा अडतो आणि बाष्पीभवन कमी होतं. तिथेच गवताचा पट्टा, गाळ गाळून घेणारा. पाळीच्या खालच्या बाजूला राखून ठेवलेलं झुडपी रान, पाझरातलं खारं पाणी शेतात जाऊ नये म्हणून. आणि सगळ्यांत वर जंगलात एक लहानसं तळं, ज्यातून शेताला पाणी घ्यायचंच नाही, ते हत्ती-हरणांसाठी. वर प्यायला मिळालं तर जनावर खाली पिकात उतरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने या तलावसाखळ्यांना जगाचा शेतीवारसा म्हणून मान्यता दिली आहे. मला विचाराल तर उरल्यासुरल्या सगळ्या साखळ्यांचा गाळ निघाला असता तर तो सन्मान अधिक शोभला असता.

केकिरावाच्या पुढे एका गावात तलावाच्या पाळीवर एक वयस्क शेतकरी भेटले. आमचा ड्रायव्हर त्यांना ‘सीया’, म्हणजे आजोबा म्हणत होता. मीही तेच म्हणू लागलो. ते मला ‘महत्तया’ म्हणत, साहेब म्हणावं तसं. ड्रायव्हर मधे दुभाषा. मी सांगितलं की आमच्याकडेही असेच तलाव आहेत, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांहून जास्त. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेल्यावर त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणून मामा तलाव म्हणू लागले. सीयांनी लगेच विचारलं, “गाळ कोण काढतो?” मी म्हटलं, “सरकार काढील अशी वाट बघतो.” ते म्हणाले, “इथेही.”

या उत्तरामागे दोन्हीकडचा इतिहास आहे. तिथे गावाने मिळून तलावावर राबायचं हे राजाला द्यायच्या सक्तीच्या सेवेचा भाग होतं. इंग्रजांनी १८३२ मध्ये ती सेवा रद्द केली. सक्ती गेली हे चांगलंच झालं. पण तिच्यासोबत पाळ दुरुस्त करणारे हातही गेले, आणि त्यांच्या जागी काय ठेवायचं याचा विचार कुणी केला नाही. कलावेवसारखा तलाव शतकाच्या शेवटाकडे इंग्रजांनीच पुन्हा दुरुस्त करून घेतला. आमच्याकडे १९५१ च्या सुमाराला मालगुजारी गेली. मालगुजार काही संत नव्हते. पण तलाव कुणाचा, हा प्रश्न त्या दिवसापासून जो लोंबकळला तो आजही लोंबकळतोय. तळ्यात बेशरमची झुडपं माजली, पोटात अतिक्रमणं झाली.

मग मी सीयांना विचारलं, उन्हाळी हंगामाला पाणी पुरलं नाही तर काय करता? तिथले दोन हंगाम: पावसाच्या पाण्यावरचा मोठा ‘महा’, आणि एप्रिल-मेपासून ऑगस्टपर्यंतचा ‘यल’, जो बहुतेक तलावात शिल्लक राहिलेल्या पाण्यावर. ते म्हणाले, “बेत्म करतो.”

बेत्म म्हणजे असं. हंगामाच्या तोंडावर सगळे शेतकरी बसतात. तलावात पाणी किती आहे ते सगळ्यांना दिसतच असतं. ते अर्ध्याच शेतीला पुरणार असेल, तर पाळीजवळची तेवढीच जमीन त्या हंगामात लावायची. पण ती ज्यांच्या मालकीची आहे त्यांनीच नव्हे. एका हंगामापुरती ती सगळ्या हिस्सेदारांत वाटली जाते, ज्याची जितकी मूळ जमीन त्या प्रमाणात. ज्याचं शेत शेवटच्या टोकाला आहे, जिथे यंदा पाणी पोचणारच नाही, त्यालाही पाळीखाली वाफा मिळतो. हंगाम संपला की बांध पुन्हा जुन्या जागी. कोणतं वाण लावायचं, पहिलं पाणी कधी सोडायचं, शेवटचं कधी तोडायचं हेही त्याच बैठकीत ठरतं. आधुनिक काळातल्या मोठ्या धरणांच्या लाभक्षेत्रांतही दुष्काळात ही रीत वापरली गेली आहे.

मी हे ऐकलं आणि त्या पाळीवर बराच वेळ गप्प होतो. आमच्याकडे पाणी कमी पडलं की टोकाचा शेतकरी मरतो. तसा नियम कुठे लिहिलेला नाही, पण दुसरं कधी घडलेलं मी पाहिलं नाही. पाळीखालचा रोवणी उरकून घेतो आणि टोकाच्याचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, वाळतात. त्यात कुणी दुष्ट नसतं. पाणी आधी जवळच्या बांधीत जातं एवढंच.

आता पुन्हा देशाकडे. स्वातंत्र्याआधीपासून डॉन स्टीफन सेनानायके, डडलींचे वडील आणि पहिले पंतप्रधान, यांचं एकच ध्येय होतं: कोरड्या पट्ट्यातले जुने तलाव दुरुस्त करायचे आणि भूमिहीनांना तिथे वसवायचं. १९४६-४७ मध्ये डीडीटीच्या फवारणीने मलेरिया आटोक्यात आला, म्हणून हे शक्य झालं. १९४९ मध्ये पूर्वेकडे गल ओय हा धरण आणि वसाहतीचा प्रकल्प सुरू झाला. त्याच सुमाराला कुरुणेगलजवळ बटलगोड इथे भात संशोधन केंद्र उभं राहिलं. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे डॉ. हेक्टर वीररत्न यांच्या हाताखाली ‘एच-४’ हे संकरातून काढलेलं वाण आलं. मनिलाजवळच्या संशोधन संस्थेचं गाजलेलं वाण ‘आयआर-८’ बाहेर पडायला अजून आठ-नऊ वर्षं होती. हरितक्रांतीची गोष्ट सांगताना आपण मनिला आणि मेक्सिकोचं नाव घेतो. या छोट्या बेटाने स्वतःच्या मातीत, स्वतःच्या माणसांकडून आधीच सुरुवात केली होती, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे बटलगोडचीच ‘बीजी’ वाणं आली. त्यांच्या नावातल्या आकड्यावरून पीक किती दिवसांचं ते शेतकऱ्याला कळतं: बीजी ३०० तीन महिन्यांचं, बीजी ३५२ साडेतीन महिन्यांचं. तलावातलं पाणी बघून वाण निवडता येतं. बेत्मच्या बैठकीत बसणाऱ्याला अशीच नावं हवीत.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला ६ लाख टनांच्या आसपास धान व्हायचं. १९८० मध्ये ते २१ लाख टन झालं, २०२० मध्ये ५१ लाख. लोकसंख्या या काळात जवळजवळ तिप्पट झाली, धान आठपटीहून जास्त. एखाद्या देशाने आयुष्यभर सांगत राहावं असं हे काम आहे.

पण आकड्यांच्या मधली वर्षं बघा. १९६६ च्या अखेरीस, पुन्हा सत्तेवर आलेल्या डडलींनी रेशनची दोन मापं एकावर आणली, ते एक मात्र फुकट दिलं. १९७० च्या निवडणुकीत सिरिमावो बंदरनायके यांनी दोन मापं परत देण्याचं वचन दिलं. चंद्रावरून आणावा लागला तरी तांदूळ आणू, असं त्या म्हणाल्याचं लोक अजून सांगतात. त्या निवडून आल्या. आणि १९७३ उजाडलं. जगात धान्य महागलं, पाठोपाठ तेल महागलं, चहाचे पैसे पुरेनात. ठरावीक दिवशी हॉटेलांत भात वाढायला बंदी आली. एका भागातून दुसऱ्या भागात चार मुठी तांदूळ न्यायचा तरी रस्त्यावरच्या नाक्यांवर पिशव्या उघडल्या जायच्या. लोकांनी साबुकंद उकडून खाल्ला. १९७४ मध्ये चहामळ्यांतल्या तमिळ मजुरांत मृत्यूंचं प्रमाण चढलं. त्यांच्याकडे स्वतःची शेती नव्हती, बहुतेकांकडे नागरिकत्वही नव्हतं. देशाला परकीय चलन मिळवून देणारी माणसं तीच, आणि तूट पोचली ती आधी त्यांच्या झोपड्यांत. टोकाच्या शेतासारखीच.

१९७७ नंतर जयवर्धने सरकारने महावेली नदीवरची तीस वर्षांची योजना सहा वर्षांत उरकायचं ठरवलं. ब्रिटन, स्वीडन, पश्चिम जर्मनी, कॅनडा यांच्या पैशाने व्हिक्टोरिया, कोटमले, रंदेनिगल, मादुरु ओय ही धरणं उभी राहिली. ३३५ किलोमीटर वाहत त्रिंकोमालीजवळ समुद्राला मिळणारी ही नदी कोरड्या पट्ट्याकडे वळवली. स्वयंपूर्णता टप्प्यात आली. या पाण्यावर वसवलेल्या वसाहतींनी तमिळांच्या मनात मात्र भय निर्माण केलं; पूर्वेकडच्या जमिनीवर सिंहली वस्ती आणून आपल्याला अल्पसंख्य करताहेत, ही तक्रार गल ओयपासूनची आहे, आणि १९५६ मध्ये तिथे दंगलही झाली होती. १९८३ ते २००९ या, तमिळ बंडखोरांशी चाललेल्या युद्धाच्या काळात उत्तर आणि पूर्वेच्या कित्येक बांध्या पडीक राहिल्या. युद्ध संपल्यावर त्या पुन्हा हिरव्या झाल्या, आणि दुष्काळाची वर्षं सोडली तर देशाला बाहेरून फारसा तांदूळ आणावा लागेना.

इथे मला थांबून एक बोलायचं आहे. तांदूळ घरचा झाला, पण खत बाहेरचंच राहिलं. कोलंबोजवळ सपुगस्कंदाला उभारलेला युरियाचा सरकारी कारखाना १९८० च्या दशकातच बंद पडला. २००५ पासून खताची ५० किलोची पिशवी सरकारी अनुदानामुळे ३५० रुपयांत मिळू लागली. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, पिकं वाढली, आणि देशाचं पोट प्रत्येक हंगामात खताच्या जहाजाला बांधलं गेलं. नव्या वाणांना खत लागतंच. म्हणजे पूर्वी धान्याचं जहाज चुकलं तर उपास, आता युरियाचं चुकलं तर. फरक इतकाच की दुसरं दुःख चार महिन्यांनी दिसतं.

२०२१ मध्ये ते दिसलं. राष्ट्रपती गोटाबाया राजपक्ष यांच्या २०१९ च्या निवडणूक जाहीरनाम्यात दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे जाण्याचं वचन होतं. ६ मे २०२१ च्या राजपत्राने रासायनिक खतांची आयात एका झटक्यात थांबवली. उत्तर-मध्य प्रांतात शेतकऱ्यांना होणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराचं कारण पुढे केलं गेलं. तो आजार खरा आहे, १९९० च्या दशकापासून त्याने घरंच्या घरं खाल्ली आहेत. त्याचं नेमकं कारण शास्त्रज्ञांना अजून एकमताने सांगता आलेलं नाही. पण मला वाटतं, त्या वेळी तिजोरीत डॉलर उरले नव्हते हे मोठं कारण होतं. डॉलरची तूट होती. ती गुपचूप शेतकऱ्याच्या बांधीत लोटली गेली. त्याला विचारलं नाही, बैठक घेतली नाही, वाटणी केली नाही. नोव्हेंबरात बंदी उठली तोवर महा हंगामाची पेरणी होऊन गेली होती. २०२२ मध्ये धान ३४ लाख टनांवर घसरलं. एप्रिलमध्ये, सिंहली-तमिळ नववर्षाच्या तोंडावर, भारताने उधारीवर दिलेला तांदूळ कोलंबोत उतरला. नववर्षाच्या सकाळी घरोघर नारळाच्या दुधातला भात, ‘किरिबत्’, शिजतो. त्या वर्षी कितीतरी घरांत गॅसही नव्हता. जुलैत लोक राष्ट्रपतींच्या निवासात शिरले, गोटाबाया देश सोडून गेले.

या प्रसंगानंतर सेंद्रिय शेती म्हणजे खुळेपणा, असं म्हणायची फॅशन आपल्याकडेही आली. मला ते पटत नाही. सुवंदेल, कालु हीनटि, पच्चपेरुमाळ ही जुनी वाणं कमी खतावर पिकवणारे शेतकरी तिथे आहेत आणि त्यांचा तांदूळ चढ्या भावाने विकला जातो. ते ज्ञान हळूहळू पसरवायचं होतं. सक्तीने दोन्ही बुडालं: पीकही आणि त्या ज्ञानाची पतही. सीयांना मी विचारलं की त्या वर्षी तुम्ही काय केलं. ते म्हणाले, “घरापुरतं लावलं. विकायला नाही.” गावोगाव हजारोंनी हेच केलं. शेतकऱ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि शहराला त्याचा अर्थ दुकानात कळला.

२०२३ मध्ये धान पुन्हा ४५ लाख टनांवर आलं. कागदावर देश परत स्वयंपूर्ण. तरीही २०२४ च्या शेवटी दुकानांतून ‘नाडु’, म्हणजे उकडा तांदूळ, गायब झाला. सरकारला आयात खुली करावी लागली आणि थोड्याच आठवड्यांत दीड लाख टनांहून जास्त तांदूळ बाहेरून आला. धान मग गेलं कुठे? पोलोन्नरुवाच्या बड्या गिरण्यांनी दाबलं, असं काही जण म्हणाले; कोंबडीखाद्यात गेलं, असं काही म्हणाले; मुळात आकडेच फुगवलेले होते, असंही म्हणणारे निघाले. १९७१ मध्ये स्थापन झालेलं सरकारी धान खरेदी मंडळ तोवर इतकं कमी धान घेत होतं की बाजाराला त्याचा धाक नव्हता. काढणीच्या वेळी शेतकरी मिळेल त्या भावाने देतो, चार महिन्यांनी तोच तांदूळ तो दुकानातून विकत आणतो. हे वाचताना भंडाऱ्यातला माणूस मान डोलावतो.

बेत्म चालतं कारण तलावातलं पाणी सगळ्यांना दिसतं. गिरणीच्या कोठारात काय आहे, तिजोरीत किती डॉलर आहेत, खताचं जहाज कुठवर आलंय, हे टोकाच्या माणसाला दिसत नाही. न दिसणारी तूट कुणी वाटून घेत नाही. ती ज्याच्या अंगावर पडते त्याची होते. म्हणून मला त्या देशाच्या सरकारकडून नवीन धरण नको वाटतं; गिरण्यांच्या साठ्याचा खरा आकडा दर आठवड्याला जाहीर झाला तरी खूप झालं.

परत आल्यावर आमच्या गावच्या ग्रामसभेत मी बेत्मबद्दल बोललो. तलाव निम्मा असेल त्या वर्षी उन्हाळी धान पाळीखालच्या बांध्यांतच लावायचं आणि त्या बांध्या एका हंगामापुरत्या सगळ्यांनी वाटून घ्यायच्या. टोकाच्या शेतकऱ्यांनी लगेच माना हलवल्या. पाळीखालचा एक जण उठला आणि म्हणाला, “भाऊ, म्या एका हंगामापुरती बांधी देली, अन् त्यानं पीकपेऱ्यात आपलं नाव लावून घेतलं, तं मंग?” कूळकायद्याच्या आठवणी आमच्याकडे अजून ताज्या आहेत, त्याची शंका रास्त आहे. सरपंचबाईंनी ती लिहून घेतली. पुढच्या सभेला तलाठ्यांना बोलावायचं ठरलं आहे, आणि हंगामापुरत्या वाटणीचा करार सातबाऱ्याला धक्का न लावता कसा करता येईल, याचा एक मसुदा मी तोवर करून न्यायचा आहे.